काझीनो आणि काझिनॉ

इटालियनमध्ये हे दोन शब्द आहेत आणि कागदावर त्यांच्यात फरक आहे तो शेवटच्या 'ओ'वरच्या एका तिरप्या रेघेचा. रेघ असली की उच्चार 'काझिनॉ', जोर शेवटच्या अक्षरावर. नसली की 'काझीनो', जोर मधल्या 'झी'वर. पहिल्याचा अर्थ जुगारगृह. दुसऱ्याचा अर्थ कुंटणखाना, आणि आताच्या बोलण्यात बहुतेक वेळा नुसताच गोंधळ: पसरलेली खोली, तुंबलेला रस्ता, चार खिडक्या फिरूनही न हललेला सरकारी अर्ज. जोर चुकीच्या जागी पडला तर 'काल आम्ही सहकुटुंब जुगारगृह बघून आलो' हे निरुपद्रवी वाक्य भलत्याच घरात शिरतं.

मराठीत कॅसिनो आला तो इंग्रजीच्या बोटाला धरून आणि एकच अर्थ घेऊन. त्यामुळे आपल्याला वाटतं, शब्द जुगाराचाच आहे. युरोपात तो फिरला त्या वाटा पाहिल्या तर जुगार हा त्याचा बराच उशिराचा आणि माझ्या मते सर्वांत कमी रंगतदार अर्थ ठरतो. कवितेचं रसग्रहण करताना आपण एकेका शब्दापाशी थांबतो. इथे एकाच शब्दापाशी थांबून त्याच्या आतल्या खोल्या बघायच्या आहेत.

सुरुवात 'कासा'पासून. आजच्या इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांत कासा म्हणजे घर. लॅटिनमध्ये मात्र घराला 'दोमुस' म्हणत आणि 'कासा' म्हणजे झोपडी, शेतातलं खोपट. रोमचा संस्थापक रोम्युलस याची म्हणून एक गवती झोपडी पॅलाटाइन टेकडीवर पुढे शतकानुशतकं डागडुजी करून जपली होती, तिचं नाव 'कासा रोमुली'. साम्राज्य मोडलं, लॅटिनच्या लेकी वेगळ्या झाल्या आणि बोलीभाषांनी दोमुसला बाजूला सारून खोपटालाच घर म्हणायला सुरुवात केली. दोमुस इटलीत उरला तो 'दुओमो' या रूपात, म्हणजे शहरातलं मुख्य चर्च, देवाचं घर. माणसांच्या वाट्याला झोपडीचा शब्द आला. फ्रेंचांनी घरासाठी 'मेझाँ' हा तिसराच शब्द उचलला, पण कासाचा एक तुकडा त्यांच्याकडे झिजून झिजून 'शे' होऊन राहिला. 'शे मुआ' म्हणजे माझ्या घरी. मूळ झोपडीचं आता नुसतं अव्यय झालं आहे. आपल्याकडे हीच कासा पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या माणसांना स्थानिक बायकांशी लग्नं करून इथेच राहायला उत्तेजन दिलं. त्या लोकांना 'कासादो' म्हणत. कासादो म्हणजे विवाहित. शब्दशः ज्याने घर केलं तो. मराठीत 'घरोबा' आणि 'घर करणं' या शब्दांना जे सुचवायचं असतं त्याच्या फार जवळचा हा अर्थ आहे.

आता प्रत्यय. इटालियनमध्ये 'इनो' लावला की वस्तू लहान होते. पण कासा स्त्रीलिंगी आहे. नियमाने लहान घर 'कासिना' व्हायला हवं, आणि तसा शब्द आहेही. काझीनो पुल्लिंगी आहे. ही लिंगबदलाची खोड इटालियनला जुनी आहे आणि ती विनाकारण नाही. 'फिनेस्त्रा' म्हणजे खिडकी, 'फिनेस्त्रीनो' म्हणजे रेल्वेची किंवा मोटारीची खिडकी. 'कामेरा' म्हणजे खोली, 'कामेरीनो' म्हणजे नटाची रंगपटातली खोली. लिंग बदललं की वस्तू नुसती आकाराने लहान होत नाही, तिला एक वेगळं काम लागतं. मराठीत उलटं चालतं: दोराची दोरी, सुऱ्याची सुरी, गाड्याची गाडी. आपल्याकडे स्त्रीलिंग लहान करतं, तिकडे पुल्लिंग. पण गाडी म्हणजे छोटा गाडा असं आज कोण म्हणेल? गाडी स्वतंत्र झाली. काझीनोही तसाच आईपासून वेगळा निघाला. तो लहान घर आहे हे खरं, पण राहायचं घर नव्हे. राहायचं घर दुसरीकडे असतं, मोठं असतं, तिथे बायको, आई, नोकर आणि कर्तव्यं असतात. काझीनो हे त्याखेरीजचं घर.

आणि त्या घरात काय चालतं याबद्दल शब्द चकार काढत नाही. सगळी गंमत या मौनात आहे.

सोळाव्या शतकातल्या रोम आणि फ्लॉरेन्समधले काझीनो बागेतले. मोठ्या हवेलीच्या आवारात, झाडीच्या टोकाला, उन्हाळ्याच्या दुपारी चार माणसांनी बसावं अशी छोटेखानी इमारत. व्हॅटिकनच्या बागेत असा एक आहे. पिर्रो लिगोरिओ या वास्तुकाराने १५५८ मध्ये काम सुरू केलं आणि पोप चौथा पायस याच्या काळात ते पुरं झालं, म्हणून त्याला पायसचं नाव. बाहेरून भिंती शिल्पांनी इतक्या भरलेल्या की पहिल्या नजरेत ते ख्रिस्ती धर्मगुरूचं ठिकाण वाटतच नाही. ग्रीक देवदेवता आणि अप्सरांचीच तिथे दाटी आहे. त्यात आज पोपच्या विज्ञान अकादमीचं कार्यालय आहे आणि आपले सी. एन. आर. राव या अकादमीचे सदस्य आहेत. इटालियन लोक आज या इमारतीला 'कासिना' म्हणणं पसंत करतात. पोपच्या नावापुढे 'काझीनो' लावायला जीभ का कचरते ते वर सांगितलंच आहे.

फ्लॉरेन्समधला 'काझीनो दि सान मार्को' आणखी विलक्षण. तो बुओन्तालेन्तीने बांधला फ्रान्चेस्को दे मेदिची याच्यासाठी. हा राजपुरुष राज्यकारभाराला कंटाळलेला आणि किमयेच्या नादी लागलेला. त्याच्या काझीनोत भट्ट्या होत्या, काच ओतणारे होते, स्फटिक घासणारे होते. चीनमधून येणाऱ्या पांढऱ्या नितळ भांड्यांचं रहस्य उलगडावं म्हणून माती भाजून पाहणारे कारागीर होते. मेदिचींच्या त्या चिनी मातीच्या प्रयोगांतून उतरलेली थोडी भांडी आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, आणि युरोपात चिनी मातीसारखं काही बनवण्याच्या पहिल्या यशस्वी धडपडींत त्यांची गणना होते. राज्याचा वारस दरबार सोडून ज्या घरात हात काळे करायला येतो त्या घरालाही शब्द तोच.

रोममधल्या लुदोविसी घराण्याच्या काझीनोचं छत तर काराव्हाज्जोने रंगवलेलं आहे. तेही किमयेच्याच खोलीचं, कार्डिनल देल मोन्तेसाठी, १५९७ च्या सुमाराला. ज्युपिटर, नेपच्यून आणि प्लूटो हे तीन देव खालून वर पाहिल्यासारखे, पायांकडून दिसतात. या चित्रकाराचं भिंती-छतावरचं दुसरं काम माहीत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ही वास्तू लिलावात निघाली, बोली ३५ कोटी युरोंच्या वर सुरू व्हायची होती, आणि एकही माणूस बोली लावायला आला नाही. या काझीनोत पैसा लावायची कोणाची छाती झाली नाही.

बागेतला हा अर्थ आल्प्स ओलांडून उत्तरेला गेला तो प्रवासातून परतणाऱ्या श्रीमंत तरुणांबरोबर. डब्लिनजवळ मारिनो इथे अर्ल ऑफ शार्लमाँटने विल्यम चेंबर्सकडून एक काझीनो बांधून घेतला. अठराव्या शतकाच्या सहाव्या दशकात सुरुवात झाली, संपायला १७७५ उजाडलं. बाहेरून पाहा, तर ते एका खोलीचं ग्रीक देऊळ. आत तीन मजल्यांवर सोळा खोल्या. छतावर शोभेचे कलश दिसतात ती धुरांडी आहेत. कोपऱ्यातले काही खांब पोकळ आहेत, पावसाचं पाणी त्यांतून खाली जातं. बाहेरून एक आणि आत सोळा, ही लबाडी शब्दाला साजेशी आहे. माझ्या मते युरोपातल्या सगळ्या इमारतींत या शब्दाचं इतकं अचूक भाषांतर दुसऱ्या कुठल्या वास्तुकाराने केलेलं नाही.

व्हेनिसमध्ये बागा नव्हत्या. तिथे पाणी आणि गल्ल्या. मग काझीनो इमारतींच्या पोटात शिरला: सान मार्को चौकाच्या आसपास भाड्याने घेतलेल्या दोन-तीन खोल्या. व्हेनिशियन बोलीने शेवटचा स्वर टाकून दिला आणि त्याला 'कझिन' केलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला अशी शंभराहून अधिक ठिकाणं शहरात होती. उमराव आपल्या महालात औपचारिक माणसांना भेटत आणि मनासारख्या माणसांना कझिनमध्ये. तिथे गाणं होई, वाद होत, प्रेमं होत, पत्ते होत, कॉफी होई. बायकांचे स्वतःचे कझिन असत, आणि ही गोष्ट त्या काळाच्या युरोपात सहजासहजी मिळणारी नव्हती. बारेतेरी पुलापाशी एका वेनिएर घराण्यातल्या बाईचा कझिन अजून टिकून आहे. नक्षीदार गिलावा, संगमरवरी जमीन, आणि एका भिंतीत सोनेरी जाळ्या: वाजवणारे जाळीमागे बसत, सूर बैठकीत येत, पण बैठकीतलं काही वादकांना दिसत नसे. जमिनीतली एक फरशी उचलता येते. ती उचलली की खाली दाराशी कोण उभं आहे ते वरून कळतं. दार उघडायचं की नाही हे मग घरमालकीण ठरवणार. आज त्या खोल्यांत फ्रेंच भाषा शिकवणारी संस्था आहे.

'कासा नोव्हा' म्हणजे नवं घर. या नावाचा व्हेनिसचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी आपल्या आठवणींत या कझिनांत वारंवार येतो-जातो. आडनावातच घर घेऊन आलेल्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या छोट्या घरांत मुक्काम करावा, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता.

आणि जुगार? सरकारी परवान्याचं जुगारगृह व्हेनिसमध्ये १६३८ मध्येच उघडलं होतं, सान मोइझे भागात, मार्को दांदोलोच्या महालात. पण त्याचं नाव काझीनो नव्हतं. त्याला 'रिदोत्तो' म्हणत. खेळायला येणाऱ्यांनी मुखवटा घालायचा. डाव चालवणारे मात्र उमरावच असावेत आणि त्यांनी चेहरा उघडा ठेवावा, असा दंडक. बरेचसे डाव चालवणारे दरिद्री झालेले उमराव होते, ज्यांच्याकडे घराण्याच्या नावाशिवाय विकायला काही उरलं नव्हतं. १७७४ मध्ये महासभेने रिदोत्तो बंद केला. जुगार बंद झाला का? तो गल्लीबोळांतल्या कझिनांत पांगला. जुगार आणि काझीनो यांची गाठ घट्ट बसायला सरकारी बंदीचाच हातभार लागला, असं मला वाटतं.

याच काळात शब्द आणखी एका वेषात इंग्लंडमध्ये दिसतो, 'कसिनो' नावाच्या पत्त्यांच्या खेळात. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मध्ये लेडी मिडलटन पाहुण्यांना हाच खेळ खेळायला बसवते. दिवाणखान्यात, मेणबत्तीच्या उजेडात, सगळ्यांच्या देखत. कंटाळवाण्या संध्याकाळी वेळ काढण्याचा इतका सोज्वळ उपाय की त्यात काझीनोचा काही गुन्हेगारी वास उरलेला नाही.

जर्मनीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. जर्मन मध्यमवर्गाला चोरट्या भेटींसाठी छोटं घर नको होतं, त्याला हवी होती वर्तमानपत्रं वाचायची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराशहरांत 'काझीनो मंडळं' निघाली: वकील, डॉक्टर, न्यायाधीश, व्यापारी यांनी वर्गणी भरायची, एक इमारत घ्यायची, नियतकालिकं मागवायची, हिवाळ्यात नाच-जेवण ठेवायचं. ट्रियरच्या अशा मंडळात हाइनरिश मार्क्स नावाचे एक वकील सभासद होते. जानेवारी १८३४ मध्ये तिथल्या मेजवान्यांत सनदी राज्याच्या बाजूने भाषण झालं, नंतरच्या एका रात्री मंडळींनी फ्रेंच क्रांतीचं गीतही म्हटलं, आणि प्रशियाच्या सरकारने त्यांच्यावर नजर ठेवली. वकिलांचा पंधरा वर्षांचा मुलगा कार्ल तेव्हा शाळेत होता. १८४८ मध्ये फ्रँकफर्टला पहिली अखिल जर्मन संसद भरली, तेव्हा पक्षांना अजून नावं नव्हती. जो गट ज्या खाणावळीत किंवा सभागृहात जमेल त्याचं नाव त्याला. मवाळ उदारमतवाद्यांचा सर्वांत मोठा गट काझीनो मंडळाच्या इमारतीत जमायचा, म्हणून तो 'काझीनो गट'. इतिहासाच्या पुस्तकांत आजही तेच नाव आहे. नवख्या वाचकाला वाटावं, हे संसदेतले जुगारी.

लष्करानेही शब्द उचलला. जर्मनमध्ये आणि पोलिशमध्ये काझीनो म्हणजे अधिकाऱ्यांची मेस. जर्मनीतल्या काही कंपन्यांत नोकरांच्या उपाहारगृहालाही काझीनो म्हणतात. दुपारी तिथे डाव लागतो तो बटाटे आणि सॉसेजचा.

हंगेरीत तर हा शब्द देशोद्धाराच्या कामी आला. इश्तवान सेचेनी या उमरावाला इंग्लंडमधले क्लब पाहून वाटलं की आपल्या देशातले सरदार आणि व्यापारी एका टेबलाशी बसत नाहीत, हेच आपलं दुखणं. त्याने १८२७ मध्ये पेश्तला 'कासिनो' स्थापन केला. तिथे परदेशी वर्तमानपत्रं येत, ग्रंथालय होतं आणि बोलता बोलता डॅन्यूबवर पूल बांधण्यासारखे विचार निघत. पत्तेही चालत, ते कोणी नाकारत नाही. पुढच्या काही वर्षांत गावोगावी कासिनो निघाले, आणि हंगेरियन इतिहासात 'सुधारणायुग' म्हणतात त्याचं बरंचसं बोलणं या खोल्यांमध्ये झालं. हे वाचताना मला पुण्या-मुंबईतली जुनी वाचनालयं आणि सभा आठवतात. वर्गणी, वर्तमानपत्र आणि वाद ही तिन्ही अंगं तिथेही होती.

स्पेनने हाच अर्थ घेतला आणि त्याला आळस जोडला. माद्रिदचा कासिनो १८३६ चा. मग प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक, चौकात, उंच खिडक्यांचा, खिडकीमागे आरामखुर्च्या, खुर्चीत जमीनदार, निवृत्त अधिकारी, औषधवाला. क्लारीन या लेखकाची 'ला रेहेन्ता' ही कादंबरी १८८४-८५ मध्ये आली. तिच्यातल्या वेतुस्ता गावचा कासिनो म्हणजे त्या गावाच्या मनाचा कारखाना: अफवा इथे तयार होते, इथून चर्चला जाते, चर्चमधून घरोघर. वाचनालय आहे, पण तिथली पुस्तकं उघडण्याची घाई कोणाला नाही. पुढे अंतोनियो माचादो या कवीने प्रांतीय कासिनोत बसलेल्या एका जांभई देणाऱ्या गृहस्थाचं चित्र काढलं आणि तो गृहस्थ स्पेनच्या एका पिढीचं प्रतीक होऊन बसला. स्पॅनिश माणसाला जुगारगृह म्हणायचं असेल तर 'जुगाराचा कासिनो' असं फोड करून सांगावं लागतं.

फ्रान्समध्ये मात्र शब्दाचं नशीब ठरलं. १८३७ च्या अखेरीस सरकारने पॅरिसमधली जुगारगृहं बंद केली. फ्रांस्वा ब्लाँ आणि त्याचा भाऊ यांनी चंबूगबाळं आवरलं आणि १८४१ पासून जर्मनीतल्या होम्बुर्ग या औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या गावी बस्तान बसवलं. दस्तयेव्हस्कीने असल्याच झऱ्यांच्या गावांत पैसे घालवले आणि १८६६ मध्ये सव्वीस दिवसांत 'जुगारी' सांगून लिहून घेतली. त्या कादंबरीत जुगारगृहाला तो 'वोक्साल' म्हणतो. हा लंडनच्या वॉक्सहॉल बागेवरून आलेला रशियन शब्द. पावलोव्हस्कला पहिल्या रशियन रेल्वेच्या टोकाशी असं एक करमणूकगृह होतं, आणि होता होता 'वोक्झाल'चा अर्थ रेल्वे स्टेशन झाला. करमणुकीच्या घरांना नावं देणारे शब्द फार काळ एका जागी बसत नाहीत असं दिसतं. जुगारावरची सर्वांत गाजलेली कादंबरी, आणि तिच्यात खेळ होतो तो आजच्या हिशेबाने स्टेशनात.

ब्लाँने १८६३ मध्ये मोनॅकोचा परवाना घेतला. तिथल्या राजाला पैशांची नड होती, राज्याचा बराच भाग हातचा गेला होता. कंपनीचं नाव काय ठेवलं, तर 'समुद्रस्नान मंडळी'. जर्मनीने १८७२ च्या अखेरीस जुगार बंद केला आणि मोनॅकोचं भाग्य उजळलं. तिथून पुढे 'कासिनो' हा शब्द, फ्रेंचमध्ये शेवटच्या अक्षरावर जोर असलेला, जगभर गेला आणि जाताना बागा, भट्ट्या, वर्तमानपत्रं सगळं मागे सोडून गेला. राजाने एक शहाणपणा केला: मोनॅकोच्या नागरिकांना खेळायला मनाई. बाहेरच्यांनी यावं, हरावं, कर भरावा.

तरीही खुद्द फ्रान्समध्ये शब्द पुरता एकमार्गी झाला नाही. तिथल्या नियमांनुसार कासिनोत खेळ, जेवण आणि तमाशा, म्हणजे नाचगाण्याचा कार्यक्रम, ही तिन्ही अंगं असावी लागतात. 'कासिनो द पारी' हे नाट्यगृह आहे, जोसेफिन बेकर तिथे गायची, आणि तिथे जुगार नाही. सँतेत्येन या कोळशाच्या खाणींच्या गावी एका बंद पडलेल्या गाण्याबजावण्याच्या कासिनोत किराणा दुकान निघालं. जॉफ्रुआ गिशार याने १८९८ मध्ये त्याची कंपनी केली आणि जागेचं नाव दुकानाला राहिलं. त्यातून फ्रान्सभर 'कासिनो' नावाची सुपरमार्केटं झाली. गावच्या फुटबॉल संघाचा हिरवा रंगही त्या दुकानाकडूनच आला आणि मैदानाला गिशारचं नाव आहे. हॉलंडमध्ये चौकोनी पांढऱ्या पावाला 'कासिनो पाव' म्हणतात. कासिनोत जाऊन कासिनो आणावा आणि वर लोणी लावून खावा, अशी सोय युरोपात आहे.

आपल्याकडे पोहोचला तो मोनॅकोचा अर्थ. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये समुद्रावरच्या जहाजांना वाट करून दिली गेली; समुद्रावरची जहाजं मांडवीच्या पात्रात येऊन स्थिरावली, हा पुढचा भाग गोव्यातल्या वर्तमानपत्रांना आजही पुरतो आहे. २०२० मध्ये गोवा सरकारने स्थानिकांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. मोनॅकोच्या राजाची युक्ती, दीडशे वर्षांनी. महाराष्ट्राचं त्याहून न्यारं. इथे १९७६ मध्ये कॅसिनोंचं नियंत्रण आणि करआकारणी करणारा कायदाच झाला. तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो मोडीत काढला. सत्तेचाळीस वर्षं शब्द कायद्याच्या पुस्तकात होता, घर एकही उभं राहिलं नाही. आपला खरा देशी कॅसिनो 'क्लब' या शब्दात लपला आहे. तालुक्याच्या गावी कोणी 'क्लबात असतो' असं खालच्या आवाजात सांगितलं की तो टेनिस खेळत नसणार हे सगळ्यांना कळतं. सेचेनी ज्या इंग्रजी क्लबांवर भाळला त्या शब्दाची इथे ही गत.

इटलीत मात्र काझीनो उताराला लागला होता. घरापासून दूर असलेल्या छोट्या घराला बदनामी चिकटायला वेळ लागत नाही. त्याच्या आधी 'बोर्देल्लो'चं तेच झालं होतं: मुळात फळ्यांची लहान खोपटी, पुढे वेश्यागृह. मराठीत 'माडी' सरळ उभी असते, पण 'माडी चढणं' म्हटलं की मजला बदलतो, तसंच हे. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या सरकारने वेश्यागृहांना परवाने दिले, खिडक्या कायम बंद ठेवायला लावल्या, आणि लोकांच्या तोंडी त्यांचं नाव काझीनो बसलं. मग जुगाराचा अर्थ फ्रान्सहून परत आला तेव्हा अडचण झाली. माहेरी आलेल्या लेकीला जुनी खोली मिळेना, तिथे भलतंच कोणी राहत होतं. इटालियनने तोडगा काढला तो शेवटच्या अक्षरावरच्या रेघेचा. फ्रेंच जोर तसाच ठेवला आणि शब्दाला परकं राहू दिलं. सानरेमोच्या गाण्यांचा प्रसिद्ध महोत्सव १९५१ मध्ये काझिनॉच्या दिवाणखान्यात सुरू झाला; तिथली रेघ विसरली असती तर आईबापांनी रेडिओ बंद केला असता. व्हेनिसचं आजचं काझिनॉ आपली परंपरा १६३८ पासूनची सांगतं, म्हणजे ज्याला काझीनो म्हणत नव्हते त्या रिदोत्तोपासूनची. ते ज्या महालात आहे तिथे १८८३ मध्ये रिचर्ड वाग्नर वारला.

वेश्यागृहं बंद करणारा कायदा लीना मेर्लिन या समाजवादी सिनेटरने दहा वर्षं झगडून १९५८ मध्ये मंजूर करून घेतला. घरं गेली, पण शब्दाने नवा धंदा शोधला. त्या घरांतला गलका, ये-जा, आरडाओरडा तेवढा त्याने उचलला आणि 'के काझीनो!' हा उद्गार इटालियन घराघरांत रुजला. फ्रेंचमध्ये 'बोर्देल'चंही हेच झालं. मराठीत गोंधळ आला तो देवीच्या दारातून: संबळ, दिवटी, रात्रभर जागरण, आणि मग आवाजाचा अर्थ पसाऱ्याला लागला. दोन्हीकडे कोलाहलाला नाव मिळालं ते लोक रात्री जागतात त्या जागेवरून, फक्त जागा वेगळ्या.

तिथूनही शब्द पुढे सरकला आहे. 'ऊन काझीनो दि जेन्ते' म्हणजे माणसंच माणसं, तोबा गर्दी. 'मी प्याचे ऊन काझीनो' म्हणजे मला खूप आवडतं. इथे गोंधळ नाही, बदनामी नाही, घर तर नाहीच. नुसतं 'खूप' उरलं आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं एकमेकांना आणि आपल्या आजीला 'तुझ्यावर माझं काझीनोभर प्रेम आहे' अशा अर्थाचं सहज लिहितात. १९५८ च्या आधी शाळा संपवलेल्या आजीला त्या वाक्यातली बंद खिडकी दिसते. तरी ती उत्तरात बदाम पाठवते.